डॉ. कमल रणदिवे, रक्तातली पेशी आणि लेकराच्या हातातला मोबाइल



मागच्या महिन्यात आमच्या एका बचत गटाची बैठक होती. परतफेड लिहून झाली, सह्या-अंगठे झाले आणि उठता उठता एका अक्कांनी विचारलं, "मॅडम, मोबाइलच्या लहरीनं लेकराच्या रक्तातल्या पेशी जळतात म्हणतात, खरं हाय का?" त्यांचा तीन वर्षांचा नातू तेव्हा शेजारी बसून मोबाइलच बघत होता. सगळ्याजणी हसल्या. मी म्हणाले, "बघून सांगते." कारण पेशी म्हणजे काय हे मी दहावीला पाठ केलं होतं आणि बी.ए.ला विसरले होते.

उत्तर शोधायला बसले आणि शोधता शोधता एका बाईंची ओळख झाली. डॉ. कमल रणदिवे. अर्धं आयुष्य त्यांनी पेशी बघण्यात घालवलं आणि उतारवयात आदिवासी लेकरांची तब्येत तपासायला डोंगरात गेल्या. मोबाइलशी त्यांचा संबंध आला नाही. त्या 2001 साली वारल्या, तेव्हा आपल्या भागात साधा वायरचा फोनसुद्धा मोजक्या घरांत होता. पण अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्या कामातून सापडलं, म्हणून आज आधी त्यांच्याबद्दल सांगते.

कमलताईंचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. वडिलांच्या मनात होतं की मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. मुलगी हुशार होती, पण तिनं वनस्पती आणि प्राणी शिकायचं ठरवलं आणि 1939 साली लग्न केलं ते गणितातल्या माणसाशी. पुढं पुण्याच्याच शेतकी कॉलेजातून 1943 साली त्यांनी एम.एस्सी. केलं. विषय ऐकून मला बरं वाटलं: सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी! आपल्या बांधावर, डोंगरात फुकट उगवणारं सीताफळ. तिथून त्या मुंबईला गेल्या, टाटा मेमोरियल रुग्णालयात कामाला लागल्या आणि डॉ. खानोलकर या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली कॅन्सरचा अभ्यास करून 1949 साली त्यांनी पीएच.डी. मिळवली.

आता पेशी म्हणजे काय ते सांगते. कांदा चिरताना आतल्या बाजूला पातळ पापुद्रा निघतो, तो शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर विटांच्या भिंतीसारखे एकाला एक लागून कप्पे दिसतात. एकेक कप्पा म्हणजे एक पेशी. आपलं शरीरही असंच पेशींचं बांधलेलं आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 30 लाख कोटी पेशी असतात आणि मोजदाद केली तर त्यातल्या बहुतेक रक्तातल्या तांबड्या पेशीच निघतात. पण भिंतीतली वीट मुकी असते, पेशी जिवंत असते. ती खाते, काम करते, एकीच्या दोन होते आणि मरते. ती हिशोब सोडून वाढतच सुटली की त्याला कॅन्सर म्हणतात.

कमलताईंना ही बिघडलेली पेशी जवळून बघायची होती. माणसाच्या अंगात ती कशी बघणार? म्हणून ती अंगाबाहेर काढून काचेच्या भांड्यात जगवायची. याला टिश्यू कल्चर म्हणतात. नाव परकं वाटत असेल, पण आपल्या जिल्ह्यात ते नवं नाही. अर्धापूरकडच्या केळीवाल्याला विचारा, तो "टिश्यूची रोपं लावली" असं सहज सांगतो. केळीच्या रोपाचा बारकासा तुकडा काचेच्या बाटलीत वाढवून त्याची हजारो रोपं करतात, तीच ही रीत. आणि घरातलं उदाहरण हवं असेल तर विरजण. चमचाभर विरजण कोमट दुधात घातलं की सकाळी भांडंभर दही. दूध फार गरम असेल तर विरजण मरतं, फार गार असेल तर लागत नाही, भांडं खराब असेल तर आंबट वास येतो. विरजणात जंतू वाढतात आणि काचेत पेशी, एवढा फरक आहे. पण सोसायचं तेवढंच ऊन, तेवढंच अन्न आणि स्वच्छ भांडं, हे दोन्हीकडे सारखं. माणसाची पेशी तर विरजणापेक्षा शंभरपट नाजूक.

ही विद्या शिकायला त्या अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तिथं जॉर्ज गाय नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्याच प्रयोगशाळेत 1951 साली माणसाच्या पेशी पहिल्यांदा काचेत न मरता वाढत राहिल्या. त्या पेशी होत्या हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका काळ्या, गरीब, पाच लेकरांच्या आईच्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी ती त्याच दवाखान्यात आली होती. डॉक्टरांनी तुकडा काढला, तिला विचारलं नाही की सांगितलं नाही. त्याच वर्षी, एकतीस वर्षांची असताना, ती वारली. तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. पोलिओची लस तपासायला त्या वापरल्या, पुढं कितीतरी औषधांना वापरल्या, आणि घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या लेकराला पाजलेल्या पोलिओच्या डोसामागं या बाईचाही वाटा आहे आणि आपल्यापैकी कुणाला तिचं नाव माहीत नाही. तुमचा अंगठा कशावर घेतला जातो ते विचारा, असं मी गटात सारखं सांगते. आता त्यासोबत हीही गोष्ट सांगते.

कमलताई ती विद्या घेऊन मुंबईला परतल्या आणि भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. 1966 ते 1970 या काळात त्यांनी त्या केंद्राच्या प्रमुखपदाचा कारभारही पाहिला. स्तनाचा कॅन्सर, रक्ताचा कॅन्सर, कुष्ठरोगाचे जंतू अशा विषयांवर त्यांनी दोनशेहून जास्त संशोधन लेख लिहिले. संशोधन लेख म्हणजे काय, तर मी काय केलं, कसं केलं, किती वेळा केलं आणि काय दिसलं हे असं लिहायचं की दुसऱ्या कुणालाही ते करून तपासता यावं. आपल्या गटाच्या वह्यांचं ऑडिट होतं ना, तसंच. तोंडी "पैसे दिले होते" चालत नाही, नोंद दाखवावी लागते. कॅन्सर उगाच होत नाही, त्यात आनुवंशिकता, शरीरातले संप्रेरक आणि काही विषाणू यांचा एकमेकांत गुंतलेला हात असतो, हे उंदरांवरच्या अभ्यासातून लवकर ओळखणाऱ्यांत त्या होत्या. 1973 साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू केली. नवी मुंबईत वाशीला या संघटनेचं काम आहे. शास्त्रज्ञ बायांच्या या संघटनेनं तिथं नोकरदार बायांसाठी वसतिगृह आणि लेकरांसाठी पाळणाघर चालवलं, यावरून ओळखा, या बायांना नेमकी अडचण कुठं होती ते. 1982 साली सरकारनं कमलताईंना पद्मभूषण दिलं.

इथपर्यंत आपण म्हणू, मोठ्या बाई, मोठं काम, आपला काय संबंध? पण सत्तरी ओलांडल्यावर, 1989 च्या सुमारास, कमलताई तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात गेल्या. डोंगराळ भाग, महादेव कोळी आणि ठाकर लोकांची वस्ती. आपल्या किनवट-माहूरच्या गोंड, कोलाम, आंध वस्त्यांसारखाच. तिथं त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी आदिवासी लेकरांचं पोषण कसं आहे, रक्त कसं आहे, याच्या नोंदी गोळा केल्या. गावातल्या बायांना आरोग्याच्या गोष्टी शिकवल्या. मला हे वळण आधी कळेना. कॅन्सरच्या पेशी कुठं आणि पाड्यावरच्या लेकराची तब्येत कुठं? मग वाटलं, बाईंनी विषय बदललाच नाही. काचेतली पेशी सुकली तर त्या पेशीला दोष देत नव्हत्या, भांड्यात काय कमी पडलं ते बघत होत्या. लेकराचंही त्यांनी तसंच बघितलं असणार. हे माझं म्हणणं आहे, त्यांनी असं लिहून ठेवलंय असं मी सांगत नाही.

रक्तच का बघायचं, ते सांगते. तांबडी पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होते आणि साधारण 120 दिवस जगते. छातीतला प्राणवायू ती मेंदूपर्यंत, पायापर्यंत वाहून नेते. ज्या पदार्थावर प्राणवायू चढतो तो हिमोग्लोबिन, आणि तो बनायला लोह लागतं. लोह कमी पडलं की पेशी लहान, फिकट होते, कमी माल वाहते. मग लेकरू दमतं. पळत नाही, एका जागी बसतं, चिडचिड करतं, माती किंवा खडू खातं, शिकवलेलं डोक्यात राहत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या 100 लेकरांमागं जवळजवळ 69 लेकरांचं रक्त कमी निघालं. म्हणजे अंगणवाडीत दहा लेकरं बसली असतील तर त्यातली सहा-सात.

आता माझ्या घरची गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

माझा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा मी नुकतीच समन्वयक झाले होते. आज या गावात बैठक, उद्या त्या तांड्यावर गट बांधायचा, परवा बँकेत. सासूबाईंना गुडघ्यांमुळं त्याच्यामागं पळणं जमत नव्हतं. बैठकीला सोबत नेलं की मी त्याच्या हातात मोबाइल द्यायचे, घरी ठेवलं की सासूबाई द्यायच्या. जेवतानाही समोर मोबाइल, त्याशिवाय घास गिळत नव्हता. आणि सगळे म्हणायचे, "किती शांत लेकरू हाय!" मला अभिमान वाटायचा हो. नंतर नंतर तो मोबाइल काढून घेतला तरी उठून खेळायला जाईना, आडवा व्हायचा. घरात सगळ्यांनी निकाल लावला, मोबाइलनं आळशी केलं. मीही तेच धरून चालले. एका आरोग्य तपासणीत त्याचं रक्त घेतलं, तर हिमोग्लोबिन 8.4. या वयाला 11 च्या वर हवं. किती महिन्यांपासून कमी असेल कुणास ठाऊक. तो दमत होता म्हणून बसत होता आणि बसत होता म्हणून आम्ही मोबाइल देत होतो. मोबाइल हातात असल्यामुळं ते लेकरू दमलंय हे कुणाला दिसलंच नाही.

तेव्हापासून मला मोबाइलच्या लहरींपेक्षा मोबाइलनं आलेल्या शांततेची जास्त भीती वाटते.

लहरींचं उत्तर मात्र अक्कांना द्यायचंच आहे. मोबाइलमधून निघणाऱ्या लहरी रेडिओच्याच जातीच्या असतात. एक्स-रेच्या किरणांत पेशीच्या आतली आनुवंशिक दोरी तोडण्याची ताकद असते, म्हणून गरोदर बाईचा एक्स-रे डॉक्टर फार विचार करून काढतात. मोबाइलच्या लहरींत तेवढी ताकद नाही. रक्तातल्या पेशी त्यानं जळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2011 साली या लहरींना "कदाचित" या यादीत ठेवलं, म्हणजे शंका आहे, पुरावा पुरेसा नाही, अजून बघा. त्यानंतर बघितलंही. 2024 साली जगभरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला, त्यात मोबाइल वापरणं आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. तंबाखू मात्र त्याच संस्थेच्या "नक्की" या यादीत आहे. मशेरी, गुटखा, खर्रा, सगळं त्यात आलं. टॉवरच्या भीतीनं अर्ज लिहायला सांगणाऱ्या आणि तोंडात तंबाखूची चिमूट धरलेल्या दोघी-तिघी माझ्या ओळखीच्या आहेत, त्या हे ऐकत असतील तर रागावू नका.

म्हणजे मोबाइल निर्धोक आहे असं नाही. त्याचं नुकसान दुसऱ्या वाटेनं येतं. आपल्या डोळ्याच्या पडद्यात बघायच्या पेशी असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण 2002 च्या सुमारास शास्त्रज्ञांना तिथं आणखी एका प्रकारच्या पेशी नीट ओळखता आल्या. चित्र बघणं हे त्यांचं मुख्य काम नाही. बाहेर दिवस आहे की रात्र एवढी वर्दी त्या मेंदूला देतात. उजेड, त्यातही निळसर उजेड पडला की त्या "दिवस आहे" असं कळवतात आणि झोप आणणारा रस कमी पाझरतो. रात्री दहाला अंधाऱ्या खोलीत लेकराच्या तोंडापाशी मोबाइल उजळला की या पेशी फसतात. तीन-चार वर्षांच्या लेकराला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते. ती तुटली की सकाळी रडरड, अंगणवाडीत पेंग.

दुसरं, जवळचं बघून बघून लहानपणीच चष्मा लागतो. यावर औषधाआधी सांगितला जाणारा उपाय आहे बाहेरचा उजेड. रोज दोनेक तास मोकळ्यात खेळणाऱ्या लेकरांना दूरचं न दिसण्याचा त्रास कमी होतो. आपल्याकडं अंगणाला तोटा नाही, मुंबईच्या आयांना विचारा.

आणि तिसरं बोलण्याचं. लेकरू समोरच्या माणसाचं तोंड बघून, त्यानं उत्तर दिलं की परत बोलून, असं शिकतं. पडदा एकटाच बोलत राहतो. आमच्या भागात एका गल्लीत मराठी, गोरमाटी, गोंडी, तेलुगू चारही भाषा कानावर पडतात, आणि तरी काही लेकरं कार्टूनमधली हिंदी तेवढी बोलतात. आजीला ती कळत नाही आणि लेकराला आजीची कळत नाही.

किती वेळ चालतो, तर जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं आणि आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही जवळपास तेच आहे: दोन वर्षांच्या आत मोबाइल-टीव्ही नाहीच. ऊसतोडीला किंवा पुण्याला गेलेल्या बापाशी व्हिडिओ कॉलवर बोलणं तेवढं चालतं. दोन ते पाच वर्षं, दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर अजून चांगलं, आणि तेही मोठं माणूस शेजारी बसून. जेवताना नाही, झोपण्याआधीच्या तासात नाही.

हे सगळं मला आधीही ऐकून माहीत होतं आणि तरी मी मोबाइल देत होते. कारण हात रिकामे नव्हते. म्हणून "मोबाइल देऊ नका" असं सांगून मी उठून जाणार नाही. आमच्या गटात आम्ही कमलताईंकडून एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे नोंद. बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानांवर ज्यांच्या घरी सहा वर्षांच्या आतलं लेकरू आहे त्यांनी चार दिवस तीन गोष्टी लिहायच्या. मोबाइल किती वेळ बघितला. बाहेर किती वेळ खेळलं. किती वाजता झोपलं. ज्यांना लिहिता येत नाही त्या अर्ध्या तासाला एक रेघ मारतात. पहिल्याच खेपेला एका ताईच्या आठ रेघा निघाल्या, म्हणजे चार तास. ती म्हणाली, "मला वाटलं घटकाभर देते." तिची चूक नाही, ती कापूस वेचायला जाते आणि लेकरू आजोबांपाशी असतं. आता दुपारी तीन घरची लेकरं एका ओसरीवर खेळतात आणि आज्या पाळीनं बसतात. रोज जमतं असं नाही. परवा एका आजीनंच तिघांना एक मोबाइल लावून दिला होता.

रेघा जास्त निघाल्या आणि लेकरू सुस्तही वाटलं, तर रागवायच्या आधी त्याचं रक्त तपासून घ्या. आशाताईला सांगा किंवा आरोग्य केंद्रात न्या. रक्त कमी निघालं तर औषध किती हे डॉक्टर ठरवतील. आणि एरवीही सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं पातळ औषध, पाच वर्षांपुढं आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहा वर्षांपुढं निळी, असं सरकारी योजनेत मिळतं. वर्षातून दोनदा जंताची गोळीही असते. औषधानं शी काळी होते, घाबरू नका. आठ दिवसांत फरक दिसत नाही म्हणून बाटली फळीवर ठेवू नका. पेशी 120 दिवसांची असते हे मघाशी सांगितलं ना, जुन्या फिकट पेशी जाऊन नव्या भरायला महिने लागतात. ताटात हिरवी भाजी, मटकी, हरभरा, वर लिंबू पिळा, लिंबानं लोह अंगी लागतं. चहानं ते अडतं. सकाळी चहात खारी बुडवून लेकराला भरवायची आपली सवय आहे, ती सुटायला अवघड आहे, माझ्या घरी ती सुटायला वर्ष लागलं.

आणि किनवट तालुक्यातल्या बायांसाठी एक वेगळी गोष्ट. लोहाचं औषध नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, लेकराची हाडं-सांधे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर सिकलसेलची तपासणी करायला सांगा. त्यात तांबडी पेशी गोल राहत नाही, विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नसांत अडकते आणि 120 दिवसांआधीच तुटते. हा आजार आईबापांकडून येतो, कुणाच्या नजरेनं किंवा करणीनं येत नाही. आपल्या आदिवासी भागात तो आहे आणि त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

माझ्या मुलाचं रक्त चार महिन्यांनी परत तपासलं, ते 10.6 निघालं, आणखी दोन महिन्यांनी 11.4. आता तो तिसरीत आहे, पेरूच्या झाडावरून उतरत नाही आणि मोबाइल मागतो तेव्हा घासाघीस करतो. सासूबाईंनी परवा त्याला ओरडून सांगितलं, "जरा गप बस की!" मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आम्ही दोघी हसलो.

वहीच्या शेवटच्या पानांवरच्या रेघा येत्या बैठकीला सोबत आणा. अक्का, तुमच्या नातवाच्या आधी बघू.